‘फ्यू’ लिहिलं आणि डिझाइन गेलं: मच-मेनीच्या या चुका टाळा

ओळखीतले लोक इंग्रजी मेल तपासायला माझ्याकडे पाठवतात आणि दर वेळी तेच, ‘मेनी इन्फर्मेशन्स’, ‘टू फर्निचर्स’, ‘लेस मिस्टेक्स’. आता चिडायचंही सोडून दिलंय.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो, कारण ती मी स्वतः केलीय. नोकरीत नवीन असताना क्लायंटला लिहिलं, ‘फ्यू युजर्स लाइक्ड द न्यू डिझाइन’. माझ्या डोक्यात होतं की काही जणांना आवडलंय, चला, सुरुवात तर झाली. तिकडून उत्तर आलं, ठीक आहे, मग जुनंच ठेवूया. अर्धा दिवस मला कळेना झालं काय, बॉस वेगळाच तापलेला, शेवटी टीममधल्या एका सिनियर ताईंनी मेल वाचला आणि म्हणाल्या, अरे, ‘अ’ कुठे खाल्लास? ‘अ फ्यू’ म्हणजे काही जणांना आवडलं. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे फारसं कुणाला आवडलंच नाही.

आपल्याकडे हे काम ‘च’ करतो. ‘थोडे लोक आले’ आणि ‘थोडेच लोक आले’ यातला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. मराठीत ‘च’ लावला की नाराजी येते, इंग्रजीत ‘अ’ काढला की येते. ‘लिटल’चंही तसंच, फक्त ते न मोजता येणाऱ्या गोष्टींना: ‘वी हॅव अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे, बसा, आणि ‘वी हॅव लिटल टाइम’ म्हणजे आवरा पटकन. मी अजूनही मेल पाठवायच्या आधी हे दोन शब्द सर्च करतो आणि मराठीत ‘च’ लावून वाक्य म्हणून बघतो.

दुसरं दुखणं म्हणजे ‘मोजता येतं ना, मग मेनी’ हा शॉर्टकट. पैसे मोजता येतात म्हणून लोक ‘मेनी मनी’ लिहितात. अहो, मोजतो ते रुपये किंवा डॉलर, ‘मनी’ नाही. शब्दाच्या आधी ‘थ्री’ लावून बघा, ‘थ्री मनी’ कानाला खटकतं की नाही? मग ‘मच’. मराठीवर जाऊ नका, ती कधी वाचवते कधी बुडवते. ‘माहित्या’ कुणी म्हणत नाही तरी ‘इन्फर्मेशन्स’ लिहितात, आणि सल्ले, बातम्या, केस आपल्याकडे अनेकवचनी म्हणून ‘अ‍ॅडव्हाइसेस’, ‘न्यूज आर’, ‘माय हेअर्स आर’ सुरू होतं. न्यूजच्या शेवटी एस असला तरी ‘इज’च. एकच सल्ला द्यायचा असेल तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

लगेज, इक्विपमेंट, होमवर्क: एस लावू नका, विषय संपला.

‘अमाउंट ऑफ पीपल’ नाही, ‘नंबर ऑफ पीपल’.

‘एव्हरी’नंतर एकवचन.

घाई असलेल्यांचा लाडका उपाय म्हणजे सगळीकडे ‘अ लॉट ऑफ’. चालतं दोन्हीकडे, मान्य, पण ‘हाउ’, ‘टू’ (too, म्हणजे ‘जरा जास्तच’), ‘सो’ यांच्यानंतर ते बसतच नाही, तिथे मच की मेनी ठरवावंच लागतं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न विचारायला गेलात की नेमकं तिथेच अडकता.

‘लेस मिस्टेक्स’ बोलताना इंग्रज लोकही म्हणतात, पण परीक्षेत ‘फ्युअर’ लिहा. मात्र ‘लेस दॅन 10 मिनिट्स’ बरोबर आहे, कारण तिथे एकेक मिनिट मोजत नाही, सगळा वेळ मिळून एकच मानतो. अंतर आणि रकमेलाही तसंच, त्यामुळे ते खोडून ‘फ्युअर’ करत बसू नका.