शिवलेलं पुन्हा उसवतं? कपडे दुरुस्त करताना या चुका टाळा

दुरुस्त केलेली जागा दोन धुण्यांत पुन्हा फाटली, तर बहुतेक वेळा दोष टाक्याचा नसतो. टाका विरलेल्या कापडावर पडलेला असतो.

पऱ्हाटीत किंवा काटेरी तारेत अडकून सदरा कोनात फाटला, की घाईघाईत दोन्ही कडा एकमेकींवर ओढून घट्ट शिवतात. ही चूक सगळ्यात महाग पडते. कापड आखडतं, ताण कोपऱ्यावर येतो आणि फाट पुढे सरकते. कडा नुसत्या एकमेकींना लावून ठेवा आणि आतून ठिगळ द्या. ते चहूबाजूंनी किमान 2 सेंमी जास्त हवं, म्हणजे धड कापडापर्यंत पोहोचेल. ठिगळाचा उभा धागा सदऱ्याच्या उभ्या धाग्याशी जुळवा आणि कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी सुटतो. कोरं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवूनच लावा. नाहीतर ते पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालचा सदरा ओढून घेतं. खरं तर टाकून दिलेल्या सदऱ्याच्या घेरातला तुकडाच उत्तम. त्यात आटायचं काही उरलेलं नसतं.

पँट आसनात उसवली तर धावदोरा टिकत नाही, खाली बसलं की सुटतो. उलटी टीप घाला, म्हणजे दर टाक्याला सुई मागे टोचून पुढे काढा. टाके 2-3 मिमीचे. उसवलेल्या जागेच्या 2 सेंमी अलीकडून, जुन्या शिवणीवरूनच सुरुवात करा आणि तेवढंच पलीकडे जा. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याला पीळ पडून गाठी बसतात. जुन्या रिळाचा दोरा आधी झटका देऊन पाहा. तुटला तर तो वापरूच नका.

बटण कापडाला चिकटवून शिवू नका. काजपट्टीची जाडी खाली मावत नाही आणि बटण कापडासकट निघतं. बटणावर आगपेटीची काडी ठेवून तिच्यावरून टाके घ्या. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खालच्या दोऱ्याला 4-5 वेढे देऊन गाठ मारा. जागा विरली असेल तर आतून छोटा तुकडा ठेवा.

साडीचा सुती फॉलही न भिजवता लावला, तर काठाला चुण्या पडतात.

घडीवर झिजलेल्या कॉलरसाठी सदरा टाकू नका. कॉलर उसवण्याआधी तिचा आणि ती ज्या गळ्याच्या पट्टीत बसते त्या पट्टीचा मध्य खडूने आखा, ती पलटवा आणि खुणा जुळवून परत शिवा. खूण नसेल तर एक टोक पुढे येतं. मागची बाजूही विरली असेल, तर पलटून उपयोग नाही. तो सदरा ठिगळांसाठी ठेवा.