मान-खांद्याचा स्नायू ताणला: तपासणी, नोंद आणि कोड

रुग्णाच्या चार्टवर नुसतं ‘मान आणि खांदा दुखतो’ एवढंच आलं की कोडरला, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी निदानाला अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम यादीतला कोड देणाऱ्याला, लक्षणांच्या कोडपलीकडे जाता येत नाही: मानदुखीला एम५४.२, उजव्या खांद्याच्या दुखण्याला एम२५.५११. अमेरिकेतले चार्ट पुण्यात, नवी मुंबईत बसून कोड करणाऱ्यांना हे नवं नाही. पण याची दुरुस्ती कोडरच्या नव्हे, तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातात असते.

उदाहरण घ्या. गोदामातल्या कामगाराने डोक्यावरच्या फळीवर खोकं चढवलं, उजवीकडे मानेपासून खांद्यापर्यंत कळ आली आणि सकाळी मान धरली.

आधी धोक्याचं बघा. मार लागला असेल आणि वय ६५ किंवा जास्त असेल, तीन फूट वा पाच पायऱ्यांवरून पडणं झालं असेल, किंवा हातापायांत मुंग्या असतील, तर कॅनेडियन सी-स्पाइन नियमाप्रमाणे (मानेला मार लागल्यावर इमेजिंग हवं का, हे ठरवणारा नियम) मान वळवून बघू नका, आधी इमेजिंग, म्हणजे एक्स-रे किंवा सीटी. डावा खांदा दुखतोय आणि सोबत घाम, दम असेल तर हृदयाची शंका, ईसीजी पहिला.

मग नसा. दोन्ही हातांची ताकद शेजारी शेजारी तपासा; सी५, सी६, सी७ ही मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांची नावं: दंड बाजूला उचलणं सी५, मनगट वर करणं सी६, कोपर सरळ करणं सी७. स्पर्लिंग चाचणीत मान थोडी मागे आणि दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर हलका दाब द्या. कळ हातात उतरली तर मज्जातंतूच्या मुळाचा विचार करा. नुसती मान दुखली तर ती चाचणी पॉझिटिव्ह धरत नाहीत, आणि इथेच बरेच जण चुकतात.

आता स्नायू नावानिशी शोधा. खांदे कानाकडे उचलायला सांगून वरून दाबा; कळ आली तर संशय वरच्या ट्रॅपेझियसवर, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतच्या रुंद स्नायूवर. फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यावर बोटाएवढी जागा दुखत असेल तर लिव्हेटर स्कॅप्युली, म्हणजे फरा वर उचलणारा स्नायू. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवताना जोर कमी पडला तर रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू. बाजूला उचललेला हात हळू खाली न येता धपकन पडला तर कफ फाटल्याची शंका घ्या; ‘ताण’ लिहून मोकळं होऊ नका.

नोंद अशी हवी: ‘काल कामावर डोक्यावर वजन उचलताना दुखापत. रुग्ण मुख्यतः उजवा हात वापरतो. मान उजवीकडे ५०, डावीकडे ७५ अंश वळते. उजवा वरचा ट्रॅपेझियस आणि मानेचे मागचे स्नायू दाबल्यावर दुखतात. ताकद आणि संवेदना दोन्हीकडे सारख्या. निदान: मानेच्या स्नायूंचा आणि उजव्या ट्रॅपेझियसचा तीव्र ताण.’ इतिहासात उजवा आणि निदानात डावा असं आलं, तर कोडरने अंदाज बांधायचा नाही, डॉक्टरला क्वेरी पाठवायची.

या नोंदीला दोन कोड लागतात. मानेच्या स्नायूला एस१६.१एक्सएक्सए, मधले दोन ‘एक्स’ फक्त जागा भरतात, कारण शेवटचं अक्षर सातव्या स्थानीच लागतं. ते गाळून एस१६.१ए पाठवलं की क्लेम परत येतो. खांद्याच्या पातळीवरच्या ‘इतर’ स्नायूला, म्हणजे इथे उजव्या ट्रॅपेझियसला, एस४६.८११ए, यात सहा जागा आधीच भरल्यात. डावीकडे एस४६.८१२ए. रोटेटर कफचा ताण असता तर उजवीकडे एस४६.०११ए. मानेचे अस्थिबंध ताणले असतील तर वेगळाच कोड, एस१३.४एक्सएक्सए. सोबत एम५४.२ जोडू नका; दुखणं निदानातच आलं.

‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर, डॉक्टर बदलला तरी, ‘ए’च. बरं होण्याच्या टप्प्यातल्या फेरतपासणीला ‘डी’. ओपीडीत ‘संभाव्य ताण’ असं लिहिलेलं निदान कोड होत नाही, तेव्हा लक्षणच घ्यावं लागतं.

कारणाचा कोड, जोर पडून झालेल्या दुखापतीला एक्स५०.०एक्सएक्सए, आणि पगारी कामासाठी वाय९९.० हे नेहमी निदानाच्या मागे, पहिले कधीच नाहीत. कामगार भरपाईच्या क्लेममध्ये मात्र ते टाळू नका.

भारतातल्या रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० वापरत असाल तर मानेच्या स्नायूला नुसतं एस१६ पुरतं. तिथे ‘ए’, ‘डी’ ही अक्षरं नाहीत.