लहान झाडांची छाटणी आणि वळण: पाऊस ओसरल्यावर करायची कामे

पाऊस ओसरला, जमीन वाफशावर आली आणि पावसातली नवती जून होऊन गडद हिरवी झाली, की लागवडीला चार वर्षे पूर्ण न झालेली झाडे एकदा नीट पाहून घ्यावीत. पावसात झाडांनी भरपूर वाढ केलेली असते. कुठे दोन शेंडे बरोबरीने वर गेलेले असतात, कुठे कलमाच्या खालून आलेली खुंटाची (ज्या रोपावर कलम बांधले त्याची) फूट कलमापेक्षा उंच झालेली असते, कुठे आधाराची सुतळी खोडात रुतत चाललेली असते. आत्ता ही फूट करंगळीएवढी आहे. सिकेटरच्या (छाटणीच्या कात्रीच्या) एका दाबात ती निघते आणि जखमही लवकर बुजते. पाच वर्षांनी त्याच जागी करवत लागेल, आणि करवतीची ती जखम झाडाला अनेक वर्षे वागवावी लागेल.

पहिली फेरी सिकेटर न घेता करा. प्रत्येक झाडाभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, कारण एका बाजूने सुबक दिसणारे झाड दुसऱ्या बाजूने मोकळे निघते. जी फांदी काढायची तिला सुतळीचा तुकडा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे. निम्म्या सुतळ्या आपण स्वतःच सोडतो, असा माझा अनुभव आहे. हात छाटणीला लागला की थांबत नाही, आणि लहान झाडाला तेच सोसत नाही. त्याचे सगळे अन्न पानांत तयार होते आणि त्याच अन्नावर मुळे वाढतात. एका हंगामात पाव हिश्शापेक्षा जास्त पालवी काढू नये, आणि यंदाच लावलेल्या रोपाची तर मोडकी, वाळकी काडी सोडून काहीही काढू नये. मुळांवरचा भार कमी व्हावा म्हणून लावतानाच शेंडा उडवायची सवय अनेकांना आहे. पिशवीतून मुळांसकट आलेल्या रोपाला त्याची गरज नसते.

सगळ्यात आधी बेचके पाहा

लहान झाडात पाहण्यासारखे पुष्कळ असते, पण एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर फांदी खोडाला जिथे मिळते ते बेचके पाहा. फांदी आणि खोड यांच्यात ऐसपैस कोन असेल, साधारण 45 ते 60 अंशांचा, तर दोघांचे लाकूड दरवर्षी एकमेकांत गुंतत जाते आणि सांधा घट्ट होतो. फांदी खोडाला चिकटून सरळ वर गेली असेल तर मध्ये दोघांची साल अडकते. बाहेरून सांधा एकजीव दिसतो, आत मात्र दोन साली नुसत्या दाबून बसलेल्या असतात. दोघेही जाड होत जातात तसतसे एकमेकांना बाहेर रेटतात. पुढे भरल्या फळांचा भार आला किंवा वादळी वारा सुटला की झाड तिथेच उभे फाटते.

माझ्या एका आंब्याला लहानपणी असे दुबेळके होते. दोन्ही शेंडे जोमदार होते, म्हणून काढायला जीव झाला नाही. सातव्या वर्षी फळे अंगावर असताना वाऱ्यात ते बेचक्यापासून बुंध्यापर्यंत चिरले. अर्धे झाड त्याच दिवशी गेले आणि उरलेल्या अर्ध्याला खोडकिडा लागला. तेव्हापासून बागेत शिरल्यावर माझी नजर पहिली बेचक्यावर जाते.

सांधा ओळखायची खूण सोपी आहे. बेचक्याच्या वरच्या बाजूला साल उचलून आल्यासारखी वळी दिसली तर सांधा चांगला. तिथे साल आत दुमडलेली, चीर पडल्यासारखी दिसली तर ती फांदी ठेवू नये. जाडीही पाहावी. फांदी खोडाच्या निम्म्यापेक्षा बारीक असेल तर खोड तिला नीट धरून ठेवते. दोघांची जाडी सारखी झाली की ती फांदी राहत नाही, दुसरे खोडच होते.

दुबेळके सापडले तर दोन्हींतला सरळ आणि निरोगी शेंडा ठेवायचा. दुसरा बारीक असेल तर बेचक्यापासून पूर्ण काढा. तो जाड झाला असेल, आणि तो काढल्यावर झाड अर्धे उघडे पडणार असेल, तर यंदा त्याची लांबी निम्मी करा. वाढ मंदावते, राहिलेला शेंडा पुढे निघून जातो, आणि पुढच्या वर्षी उरलेला भाग लहान जखमेत निघतो. दोन हप्त्यांत केलेले हे काम झाडाला जाणवतसुद्धा नाही.

मुख्य फांद्या किती आणि कुठे

झाड उंच होताना खालच्या फांद्याही वर सरकतात, असा समज अनेकांचा असतो. तसे होत नाही. उंची फक्त शेंड्याकडून वाढते. आज जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर असलेली फांदी वीस वर्षांनीही 60 सेंटिमीटरवरच असेल, फक्त जाड झालेली. त्यामुळे पहिली कायमची फांदी कुठे हवी हे आत्ताच ठरवावे लागते. फळझाडाला ती साधारण 60 ते 75 सेंटिमीटरवर ठेवतात. खालून ट्रॅक्टर फिरवायचा असेल तर आणखी वर. लाकडासाठी लावलेल्या झाडाला एकच सरळ खोड हवे, तिथे बगलफुटी कोवळ्या असतानाच बोटांनी खुडल्या तर लाकडात गाठी राहत नाहीत.

फळझाडाला तीन-चार मुख्य फांद्या पुरतात. त्या खोडाच्या वेगवेगळ्या बाजूंना जाव्यात आणि एकीपासून दुसरी 15 ते 20 सेंटिमीटर वर असावी, म्हणजे जिन्याच्या पायऱ्या खोडाभोवती फिरत गेल्यासारख्या. सगळ्या एकाच गाठीतून निघाल्या असतील तर पुढे त्या एकमेकींचा गळा दाबतात आणि पावसाचे पाणी मधल्या खोबणीत साचून कूज सुरू होते.

मुख्य फांद्या ठरल्या म्हणून बाकीच्या लगेच उडवू नका. ही चूक मी सर्वांत जास्त पाहतो: दोन वर्षांचे झाड, खाली गुळगुळीत सोललेले खोड आणि वर छत्रीसारखा पुंजका. दिसायला नीटनेटके, पण वारा आला की कमानीसारखे वाकते. खोडावरच्या बारीक फांद्यांची पाने खोडाला तिथल्या तिथे जाडी देतात आणि सालीवर सावलीही धरतात. या फांद्या तात्पुरत्या समजायच्या. हातभर वाढल्या की वीतभर ठेवून शेंडा खुडायचा, आणि अंगठ्याएवढ्या जाड होण्याआधी एकेक करत दोन-तीन वर्षांत काढून टाकायच्या.

याला अपवाद एकच, कलमाच्या जोडाखालची फूट. ती तुमच्या जातीची नसते, खुंटाची असते, आणि खुंट बहुधा कलमापेक्षा जोरकस असतो. ती दिसली की त्याच दिवशी काढायची. कोवळी असताना अंगठ्याने मोडून काढली तर बुडाचा डोळाही निघून येतो आणि पुन्हा फुटत नाही. कात्रीने कापली तर तिथूनच दोन येतात. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच असेल तर तीही आताच सोडवा. कित्येक कलमे त्या पट्टीच्या फासानेच मरतात आणि दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो.

कापण्याआधी बांधून पाहा

फांदी चांगल्या जागी आहे पण सरळ वर चालली आहे, अशा वेळी सिकेटर नको, सुतळी हवी. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संजीवक खाली उतरते आणि बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा कापला की त्याच्या लगेच खालचे तीन-चार डोळे एकदम जागे होतात आणि सगळे वरच धावतात. फांदी वाकवली तर हा दाब सैल होतो, तिच्या अंगावरचे डोळे थोडे थोडे फुटतात, जोर ओसरतो आणि अशी फांदी फळालाही लवकर येते.

वाकवायची फांदी पेन्सिलीएवढी असेल तोवरच हे सोपे आहे. एका हाताने बेचके धरून दुसऱ्या हाताने ती हळूहळू बाहेर आणायची, सुतळीचा सैल फास घालून दुसरे टोक जमिनीतल्या खुंटीला बांधायचे. सुतळीखाली गोणपाटाचा तुकडा ठेवला तर सालीला काच पडत नाही. फांदी पार आडवी करू नये, नाहीतर तिच्या पाठीवरून पाणसोट (जोमाने वाढणाऱ्या पण फळ न धरणाऱ्या फुटी) सरळ उभे फुटतात. महिना-दीड महिन्याने सुतळी सोडून पाहा. फांदी जागेवर राहिली तर काम झाले, उसळली तर आणखी काही आठवडे बांधा.

पिकानुसार

आंब्याच्या काडीवर ठरावीक अंतराने पाने आणि डोळे गोळा झालेले एक कडे दिसते. कड्याच्या वर कापले तर त्या कड्यातून एकदम पुष्कळ फुटी येतात आणि गर्दी होते. कड्याच्या किंचित खाली कापले तर मोजक्या आणि अंतराअंतरावर येतात. फरक दोन बोटांचा आहे, पण पुढची फांद्यांची मांडणी त्यावर ठरते. कलम साधारण 60 ते 70 सेंटिमीटर झाल्यावर पहिला शेंडा मारतात. येणाऱ्या फुटींतल्या तीन-चार ठेवतात. कोवळ्या, तांबूस पालवीवर असताना आंब्याला हात लावू नये.

लिंबूवर्गीय झाडांना छाटणी कमीच बरी. जमिनीपासून 45 ते 60 सेंटिमीटरपर्यंत हळूहळू खोड मोकळे करायचे, पाणसोट आणि वाळक्या काड्या काढायच्या, बस. चिकू संथ वाढतो आणि स्वतःच थरांत फांद्या मांडतो, त्याच्या खिरणीच्या खुंटावरच्या फुटींवर मात्र सतत लक्ष ठेवावे लागते. डाळिंब जमिनीपासूनच फुटते, तिथे तीन-चार खोडे ठेवून बाकीची काढतात. ज्या बागेत तेल्याचा (डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाचा) डाग दिसला आहे तिथे प्रत्येक झाडानंतर सिकेटर निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नये. सीताफळ, अंजीर अशी पानझडीची झाडे आता सोडून द्या. पाने गळून झाड विश्रांतीत गेल्यावर, नवी फूट येण्याआधी त्यांची पाळी येते.

फळझाडाला पहिल्या दोन-तीन वर्षांत मोहोर किंवा फळ आले तर खुडून टाका. मन होत नाही, हे मला माहीत आहे. पण ते फळ सांगाड्याच्या वाट्याचे अन्न खाते, आणि कोवळी फांदी त्याच्या वजनाने कायमची लवते.

काप कसा घ्यावा

फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी थोडा फुगवटा असतो, बाहीच्या काठासारखा. तो फांदीचा नसून खोडाचा भाग असतो. काप फुगवट्याच्या अगदी बाहेर घ्यायचा. खोडाशी सपाट कापले तर फुगवटाही जातो आणि जखम खोडालाच होते. लांब ठूठ ठेवले तर ते वाळते, कुजते आणि कूज आत उतरते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडे उभी चिरून आतली कूज तपासली. झाड जखम भरून काढत नाही, जखमेभोवती भिंती उभारून तिला कोंडते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. त्या भिंतींपैकी सर्वांत भक्कम या फुगवट्यात उभ्या राहतात.

काडी मध्येच तोडायची असेल तर बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर ठेवून तिरपा काप घ्या, उतार डोळ्यापासून लांब असू द्या. सिकेटर दोन पाती एकमेकींवरून सरकणारे असावे, आणि धारेचे पाते खोडाच्या बाजूला धरावे. धार बोथट असेल तर साल चेंगरते. दिवस कोरडा निवडा, दव वाळल्यावर सुरुवात करा, पुढचे तीन-चार दिवस पावसाची लक्षणे नसावीत. मोडकी आणि रोगट फांदी मात्र कधीही काढावी. हत्यार पुसायला 70 टक्के स्पिरिट चांगले.

जखमेवर डांबर, रंग किंवा शेण लावू नका. खाली ओल कोंडते आणि कुजीला आसरा मिळतो. लहान काप उघडे ठेवलेले उत्तम. हवा दमट असेल, बागेत डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) किंवा मर (झाड सुकून मरण्याचा रोग) असेल आणि काप अंगठ्याहून मोठा असेल, तेव्हा बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना, प्रत्येकी 5 लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र ढवळायचे आणि त्याच दिवशी वापरायचे. लोखंडी भांडे चालत नाही. मिश्रणात चकचकीत पाते थोडा वेळ बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे.

आधार आणि ऊन

आधाराची काठी झाडाला जखडण्यासाठी नसते. थोडे हलू दिले तर खोड बुंध्याकडे जाड होते आणि मुळेही पसरतात. बांध खोडाच्या खालच्या निम्म्या भागात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आणि सैल असावा. वर्षाहून जुन्या रोपाची काठी एकदा सोडून पाहा. झाड स्वतः उभे राहत असेल तर ती परत बांधू नका.

पाऊस उघडल्यानंतरचे ऊन कडक असते. छाटणीमुळे खोड उघडे पडले असेल तर पश्चिमेच्या बाजूची साल भाजून तडकते, म्हणून त्याच आठवड्यात खोडाला पातळ चुना द्यावा. छाटल्यावर नत्राचा मोठा हप्ता देऊ नये, नाहीतर पाणसोटांची झुंबड उडते.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक फेरी मारा. कापांच्या जवळ नवे डोळे फुटलेले असतील, नखाने निघतील इतके कोवळे. हव्या त्या दिशेचा एक ठेवायचा, बाकीचे तिथेच चोळून टाकायचे. त्याच फेरीत सुतळ्या सैल करून घ्या.