लाकडी युद्धनौकेचं मॉडेल: नाळेवर (नौकेच्या पुढच्या टोकावर) पट्ट्या कशा बसवाव्यात

७४ तोफांची 'एचएमएस कॉर्नवॉलिस' १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधली. ब्रिटन आणि चीन यांच्यातला १८४२ चा नानकिंगचा तह तिच्यावरच झाला. तोफांचा मजला सुमारे १७६ फूट लांब. आठ फुटांना एक इंच धरलं की मॉडेलमध्ये २२ इंच.

मूळ नौका सागाची म्हणून मॉडेलही सागाचं करा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. या मापात सागाचे रेषे सुंभासारखे दिसतात. शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या घ्या, ४ मिमी रुंद, १ मिमी जाड.

कणा आणि प्लायच्या चौकटी जोडा, काटकोन तपासा. झालं.

आता नाळ. इथेच माझं पहिलं मॉडेल गेलं. पट्टी अख्ख्या रुंदीची ठेवून पुढे नेली की ती वर चढते. आपण ती टाचणीने खाली दाबतो, मग तिची कड उचलते. लोक म्हणतात, फटीत लांबी (पुट्टी) भरा आणि पॉलिश पेपर मारा. अजिबात नको. आधी मोजा. मधल्या चौकटीच्या कडेने वरपासून कण्यापर्यंतचं अंतर १२० मिमी भरलं तर ३० पट्ट्या लागतील. नाळेपाशी ७५ मिमीच असेल, तर तिथे प्रत्येक पट्टी अडीच मिमीच हवी. म्हणून पुढच्या टोकाला तेवढी निमुळती तासा. हिशोब निम्म्याखाली, म्हणजे २ मिमीच्या आत गेला, तर तासत बसू नका. एक पट्टी अलीकडेच थांबवा आणि शेजारच्या पट्टीत खाच करून तिचं टोक बसवा.

तासून झाल्यावर वीस मिनिटं पाण्यात, मग गरम सोल्डरिंग गनच्या दांड्यावर हळूहळू वाक द्यायचा. नाळेवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून रात्रभर वाळवा आणि मगच फेव्हिकॉल. ओली चिकटवली तर वाळताना आकसते आणि फटी पडतात.

आणि एक डावीकडे, एक उजवीकडे, याच क्रमाने. मी उत्साहाच्या भरात एक बाजू आधी पूर्ण केली होती. कणा केळ्यासारखा वाकला, आणि ते कळलं डोलकाठ्या उभ्या करताना!

मागच्या बाजूला उलटं होतं, पट्ट्या कमी पडतात, पाचरी घाला.

डोलकाठ्या, शिडं, दोर हे वेळखाऊ आहे, अवघड नाही. दोरा बांधण्याआधी मधमाश्यांच्या मेणावरून ओढा, नाहीतर त्याची लव उभी राहते आणि तिच्यात धूळ बसते.