पिल्लाचं बूड चिकटलंय? औषधाआधी ऊब, पाणी आणि खाद्य तपासा

परसात पन्नास-शंभर पिल्लं आणली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं, "हगवण लागलीय, औषध टाका पाण्यात." दुकानातून पुडी येते, पाणी पिवळं होतं आणि मर काही थांबत नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांतल्या पोटाच्या तक्रारी बहुतेक वेळा गारठा, तहान किंवा चुकीचं खाद्य यांतून येतात. म्हणून पुढचा क्रम पाळा. औषधाचा नंबर त्यात शेवटी येतो, तो तिथेच राहू द्या.

पिल्लं येण्याआधी ब्रूडर (ऊब देण्याची जागा) तापवा

भाताचं तूस दोन इंच पसरा आणि निदान काही तास आधी दिवे लावून ठेवा, म्हणजे खालची गादीही कोमट होते. पिल्लामागे साधारण 2 वॅट, म्हणजे 50 पिल्लांना 100 वॅटचा बल्ब. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस हवेत. पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत जा. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतातच: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर उकडतंय. दोन्हींमुळे शीट बुडाला चिकटते. रात्री वीज जाणाऱ्या गावात गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून तयार ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, धुराने पिल्लं गुदमरतात.

आधी पाणी, मग दाणा

अंड्यातला उरलेला बलक पोटात असतो, त्यावर पिल्लू दोन दिवस निभावतं. पण खोक्यातून प्रवास करून आलेलं पिल्लू तहानलेलं असतं. प्रत्येकाची चोच एकदा कोमट पाण्यात टेकवा. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे गूळ चालतो, मात्र पहिले काही तासच. गुळाचं पाणी उन्हाळ्यात लवकर आंबतं आणि मग त्यानेच हगवण लागते. ड्रिंकर (पिल्लांचं पाण्याचं भांडं) नसेल तर पसरट ताटलीत खडे टाका, म्हणजे पिल्लं भिजणार नाहीत.

दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा पुठ्ठ्यावर पसरा. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य सुरू करा.

पिल्लं आली त्याच संध्याकाळी एक तपासणी कराच. आठ-दहा पिल्लं एकेक करून हातात घ्या. मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, किंचित उजवीकडे अन्नाची पिशवी असते. ती बोटाने हलकेच चाचपा. भिजलेल्या कणकेसारखी मऊ आणि भरलेली लागली तर पिल्लू खातंय, पितंय. कडक, खडबडीत लागली तर दाणा मिळालाय पण पाणी पोचलेलं नाही. रिकामी असेल तर त्याला भांडं सापडलेलंच नाही, किंवा ते गारठून बसून आहे. दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या पिशव्या भरलेल्या हव्यात.

शीट वाचायला शिका

तपकिरी-करडी, वर पांढरी टोपी असलेली शीट म्हणजे सगळं ठीक. ती पांढरी टोपी हगवण नव्हे, तो कोंबडीच्या लघवीचा भाग असतो. दिवसातून काही वेळा मोहरीच्या रंगाची, चिकट, घाण वासाची शीटही पडते. तीही नेहमीचीच, तिला घाबरू नका.

बूड चिकटलं असेल तर वाळलेला गोळा ओढू नका, खालची कातडी सोलून निघते. मऊ फडकं कोमट पाण्यात बुडवून मिनिटभर धरा, गोळा आपोआप सुटू द्या, मग पुसून घ्या. खोबरेल तेलाचं बोट लावा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच इतरांत सोडा. ओलं पिल्लू पुन्हा गारठतं. एक गल्लत मात्र टाळा: बेंबी गुदद्वाराच्या खाली, पोटाकडे असते. तिथली वाळकी खपली ओढू नका. बेंबी ओली, पोट फुगलेलं आणि कुजका वास असेल तर तो बलकाचा संसर्ग आहे. ते पिल्लू वेगळं ठेवा आणि पशुवैद्यांना विचारा.

काय घालावं, काय घालू नये

पहिले आठ आठवडे सुमारे 20 टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर हेच मुख्य खाद्य. नुसत्या तांदळाच्या कणीवर किंवा ज्वारीवर पिल्लं जगतात, पण पिसं विरळ येतात आणि वाढ खुंटते. घरचा दाणा द्यायचाच तर तिसऱ्या आठवड्यापासून, थोडा, भरडून द्या आणि सोबत बारीक वाळूची वाटी ठेवा. कोंबडीला दात नाहीत, पोटातल्या खड्यांवरच दाणा दळला जातो. उकडलेलं अंडं कुस्करून द्यायला हरकत नाही, पण उरलेलं तासाभरात उचला.

घरात सहज हाताशी असणाऱ्या काही गोष्टी पिल्लांना घातक ठरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य देऊ नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं, जादाचं मूत्रपिंडावर येतं. खुडूक कोंबडीखाली पिल्लं असतील तर आईलाही काही आठवडे स्टार्टरच खाऊ द्या, तिला ते बाधत नाही. मराठवाड्यात, विदर्भात घरोघरी सोयाबीन असतं, पण कच्चं सोयाबीन दळून घातलं तर त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत. सरकीची पेंड गुरांसाठी, पिल्लांसाठी नाही. कोकणात सुकटीचा कुटा देतात. खारवलेल्या सुकटीतल्या मिठाने पिल्लं पाणी पीत सुटतात आणि पातळ शिटतात, मीठ फार झालं तर मरतातही. आणि बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड धुऊन, वाळवूनही वापरू नका. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही, ते यकृत पोखरतं. पावसाळ्यात पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

खाद्य बदलताना चार-पाच दिवस जुन्यात नवं मिसळत जा.

तिसऱ्या आठवड्यानंतर रक्त दिसलं तर

आता मात्र थांबू नका. पिसं फुलवून, पाठीत वाकून, डोळे मिटून बसलेली पिल्लं आणि लालसर शीट हे कॉक्सिडिओसिस या आतड्यातल्या परजीवींच्या आजाराचं लक्षण. हे परजीवी ओल्या गादीत वाढतात, म्हणून ड्रिंकरभोवतीचं ओलं तूस रोज काढा, बाकीचं हलवत राहा. हळद, लसूण देऊन हा आजार बरा होत नाही. पशुवैद्य बहुधा पाण्यातून अँप्रोलियम देतात. ते सुरू असताना बी-कॉम्प्लेक्स देऊ नका: हे औषध परजीवीचं बी-1 तोडून काम करतं, तुम्ही तेच जीवनसत्त्व पुरवलंत तर औषध वाया जातं.

हिरवी हगवण, सोबत मान वाकडी होणं ही मानमोडीची (राणीखेत आजाराची) खूण. त्यावर उपचार नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातली लासोटा लस चुकवू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चुन्यासारखी पांढरी हगवण आणि एकामागून एक मर दिसली तर साल्मोनेला जीवाणूचा पुलोरम हा आजार असू शकतो. तो कोंबडीकडून अंड्यातून येतो, त्यामुळे त्या तुकडीतली वाचलेली पिल्लंही पैदाशीला ठेवू नका.

नुकतंच मेलेलं पिल्लू त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. दुहेरी पिशवीत घालून बर्फाबरोबर ठेवा, पण गोठवू नका. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, दवाखान्यातून नमुना पुढे कुठे पाठवायचा ते सांगतील. एकाच रात्रीत बरीच पिल्लं मेली तर मात्र हात लावू नका, आधी दवाखान्यात फोन करा.