कोरडवाहू शेतातला एक एकर घरच्या ताटासाठी कसा राखावा

मराठवाड्यात दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या अनेक घरांत आज या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन किंवा कापूस असतो, आणि ज्वारी, डाळ, भाजी व तेल दुकानातून येते. पाऊस दगा देतो तेव्हा अशा घरावर दुहेरी घाव बसतो, कारण विकायचे पीक जाते आणि त्याच सुमारास किराण्याची उधारीही वाढू लागते. यावर निघालेला एक व्यवहार्य मार्ग म्हणजे किमान एक एकर घरच्या खाण्यासाठी राखून त्यात मिश्र पिके घेणे. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेसोबत काम करणाऱ्या महिला शेतकऱ्यांनी ही पद्धत रुजवली आहे. राखलेल्या एकराचे नियोजन कसे करावे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी : वर्षाच्या धान्याचा हिशेब

पेरणीच्या आधी, शक्यतो मे महिन्यात, स्वयंपाक करणाऱ्या बाईला शेजारी बसवून हिशेब मांडावा. घरात महिन्याला काय किती लागते हे तिच्याइतके अचूक कोणालाच ठाऊक नसते. पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो डाळ धरली तर वर्षाला नव्वद किलोंच्या वर डाळ लागते. एक क्विंटल तुरीची साधारण सत्तर किलो डाळ पडते, म्हणजे घरी एवढीच तूर पिकली तर उरलेली गरज मूग, उडीद व हरभरा यांतून भागवावी लागेल. ज्वारीचाही असाच हिशेब करावा, मात्र त्यातून रेशनचे धान्य वजा करावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य मिळते व १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. परंतु हे धान्य मुख्यतः गहू-तांदूळच असते. पोट त्याने भरते, डाळ-भाजीची उणीव मात्र तशीच राहते, आणि मुलांच्या व गरोदर बायांच्या अंगावर ती आधी दिसते. म्हणून राखलेल्या एकराचे पहिले काम डाळ व भाजी पिकवणे हे आहे.

दुसरी पायरी : चाळीस गुंठ्यांची वाटणी

मध्यम ते भारी जमिनीत साधारण २४ गुंठ्यांवर खरिपात मूग किंवा उडीद घ्यावा आणि तो निघाल्यावर त्याच जागी रब्बी ज्वारी पेरावी. हा जुना फेरपालट आहे व तो सोडून देण्याचे चांगले कारण मला तरी सापडलेले नाही. मूग ६० ते ६५ दिवसांत, म्हणजे पोळ्याच्या आसपास हाती येतो, आणि घरातले धान्य संपत आलेले असते नेमके त्याच दिवसांत. ज्वारीच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी टाकल्यास मोकाट जनावरे आत शिरायला बिचकतात आणि घरापुरते तेलही निघते. बारा-तेरा गुंठ्यांवर तूर घ्यावी व तिच्या ओळींमध्ये खरीप ज्वारी किंवा बाजरी पेरावी. उरलेले दोन-तीन गुंठे भाजीला ठेवावेत. जमीन हलकी, मुरमाड असेल तर रब्बी ज्वारीचा आग्रह धरू नये. तेथे बाजरी व तूर हीच जोडी चालते.

पैसे देणारे पीक कमी होईल, ही घरातल्या पुरुषमंडळींची शंका अगदीच निराधार नाही. तिचे उत्तर कागदावर द्यावे. एका बाजूला एकरभर सोयाबीनचे उत्पन्न लिहून त्यातून बियाणे, खत, फवारणी व मळणी वजा करावी, दुसऱ्या बाजूला वर्षभरात विकत घेतलेली डाळ, ज्वारी, तेल व भाजी दुकानाच्या भावाने लिहावी, आणि मगच निर्णय घ्यावा.

तिसरी पायरी : पेरणी

वळवाच्या सरीवर पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच चाड्यावर मूठ धरावी, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणीचा खर्च वाचवतो. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरून व्हावा. त्याहून उशीर झाला तर ती जागा तुरीला किंवा थेट रब्बीला द्यावी. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. त्यासाठी ‘मालदांडी’ हे जुने वाण आजही विश्वासाचे आहे, तर तुरीत लवकर येणारे ‘बीडीएन ७११’ कोरडवाहूला सोयीचे पडते. पेरणी नेहमी उताराला आडवी करावी आणि दर चार-सहा ओळींनंतर एक मृत सरी, म्हणजे न पेरता मोकळी सोडलेली चर, काढावी. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरते, जास्त झाला तर त्याच सरीतून ते निघून जाते.

घरचे बियाणे वापरायचे असेल तर उगवण आधी तपासावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडून वर दुसरे ओले गोणपाट पसरावे, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ती सुकू देऊ नये, आणि आठवड्याने उलगडून कोंब मोजावेत. पंचाहत्तरच्या आसपास सशक्त कोंब असतील तर बियाणे चांगले; त्याहून थोडे कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, आणि निम्मेही उगवले नसतील तर ते पेरू नये. मूग, उडीद, हरभरा यांचे सरळ वाण पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते, संकरित वाणाचे मात्र येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

चौथी पायरी : भाजी

न्हाणीचे व भांडी धुतल्याचे पाणी वळवता येईल अशा जागी भाजीचे वाफे घ्यावेत. बांधावर शेवग्याची दोन झाडे, कुंपणावर वाल व दोडका, मांडवावर भोपळा, खाली अंबाडी, चुका, मेथी, राजगिरा अशी रचना केली तर बराच काळ ताटात काहीतरी हिरवे राहते.

पाचवी पायरी : साठवण

पिकवलेले धान्य किडीने खाल्ले तर सारी मेहनत वाया जाते. ज्वारी दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवावी, थंड झाल्यावरच कोठीत भरावी आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला थराथराने घालावा. तुरीची डाळ एरंडेल तेलाचा हात लावून ठेवण्याची आजीची पद्धत आजही उपयोगी आहे. पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळ्या मडक्यात, राख मिसळून ठेवावे व त्याला खाण्यासाठी हात लावू नये.

सहावी पायरी : रोख पैशाची सोय

खाण्याचा एकर पोट सांभाळतो, पण दवाखाना, शाळा व बियाणे यांना रोख लागते. बाकीच्या जमिनीतले नगदी पीक त्यासाठीच आहे. त्याच्या जोडीला दोन-तीन उस्मानाबादी शेळ्या ठेवाव्यात. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत त्या वितात आणि पुष्कळदा जुळी करडे देतात. पावसाळ्याआधी जंताचे औषध, पीपीआर व आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस देणे चुकवू नये, कारण शेळीपालन बुडते ते बहुधा याच हलगर्जीपणामुळे. उन्हाळ्यात काम नसेल तर ग्रामपंचायतीकडे रोजगार हमीच्या कामाची मागणी तोंडी न करता लेखी करावी आणि तारखेची पोच घ्यावी. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात उभी राहिलेली ही योजना कागदावर मागणी नोंदवणाऱ्याच्याच कामी येते.

शेवटी ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकांची, नोंद करताना मिश्र पिकातील प्रत्येक पीक क्षेत्रासह भरावे. सोयाबीनची नोंद असते, तुरीची व ज्वारीची राहून जाते, आणि अतिवृष्टीचे पंचनामे सुरू झाल्यावर सातबाऱ्यावर पीकच नाही असे तलाठ्याकडून ऐकावे लागते. नोंद झाल्याचा संदेश फोनमध्ये जपून ठेवावा.