व्हिटाफोनचे गाणारे लघुपट: आधी कान, मग डोळे

वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन चित्रकंपनीने बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात काढलेल्या व्हिटाफोन लघुपटांचा आवाज सुरुवातीला फिल्मवर नसायचाच. तो असायचा १६ इंची तबकडीवर: मिनिटाला ३३⅓ फेरे, साधारण ११ मिनिटं, म्हणजे हजार फुटी रिळाएवढा. सुई आतून बाहेर सरकायची, आपल्याकडच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या अगदी उलट. पुढे फिल्म एकीकडे गेली, तबकडी दुसरीकडे. १९९१पासून व्हिटाफोन प्रोजेक्ट नावाची संग्राहकांची मंडळी या ताटातूट झालेल्या जोड्या जुळवते आहे. त्यामुळे बघताना काही खटकलं तर पहिला संशय या जोडणीवर घ्या.

चित्र आणि आवाजाचा मेळ तपासायला ओठ बघू नका, कॅमेरा बराच लांब असतो. ड्रमवरची काठी किंवा टॅप नाचणाऱ्याचा बूट बघा, आणि तोही तीनदा: सुरुवातीला, मध्ये, शेवटी. तिन्हीकडे आवाज सारखाच मागे असेल तर दोष बहुधा ब्लूटूथचा. तारेचा हेडफोन लावा. एका जागेपासून अचानक मागे पडला, तर तिथे फिल्म तुटून काही चौकटी गेल्या आहेत. अशा वेळी नेमक्या तेवढ्याच काळ्या चौकटी जोडायच्या असत, पण ते दर वेळी व्हायचंच असं नाही. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे १२ गेल्या की अर्ध्या सेकंदाचा फरक. संगणकावरच्या व्हीएलसी या चित्रफीत दाखवणाऱ्या प्रणालीत ‘जे’ कळ दाबली की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, ‘के’ दाबली की तेवढाच मागे जातो. इथे ‘जे’ दहा वेळा. फरक हळूहळू वाढत जात असेल तर तबकडीची नक्कल चुकीच्या वेगाने झाली आहे. कळा बडवून उपयोग नाही, दुसरी प्रत शोधा.

मेळ बरोबर आहे, पण गाणं घाईत वाटतंय? पाल या टीव्ही पद्धतीच्या (सेकंदाला २५ चौकटी) डीव्हीडीत २४ चौकटी २५च्या वेगाने पळतात. दहा मिनिटांचा लघुपट ९ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो आणि काळी एकचं गाणं पांढरी दोनकडे सरकतं. व्हीएलसीत वेग ०.९६ ठेवा आणि आवाजाचं ‘टाइम-स्ट्रेचिंग’ बंद करा, नाहीतर वेग सुधारतो पण पट्टी चढलेलीच राहते. ट्रेबल वाढवू नका: त्या तबकड्यांवर साडेपाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नाही, वाढेल ती नुसती खरखर. सराउंड साउंडही बंद.

चित्राचं थोडक्यात. चौकट ४:३ हवी. माणसं बुटकी-रुंद दिसली तर ‘ए’ कळेने गुणोत्तर बदला. गायक मधोमध नसून डावीकडे सरकलेला दिसला, तर पुढे आवाज फिल्मच्याच कडेला आणताना, म्हणजे ध्वनिपट्टी बसवताना, डावी कड कापली गेली आहे. त्यावर घरी इलाज नाही.

सुरुवात १९२६च्या ऑपेरापासून करू नका, कंटाळाल. आधी व्हिटाफोनचा नसला तरी आरकेओ या दुसऱ्या चित्रकंपनीचा १९२९चा ‘सेंट लुई ब्लूज’ घ्या: १६ मिनिटं, आणि ब्लूज गायिका बेसी स्मिथ पडद्यावर दिसते ती एवढ्यातच. मग व्हिटाफोनचा ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’ (१९३२). वादकांचे सांगाडे होतात तरी वाजवणं थांबत नाही. विचित्रपणात याला तोड नाही. त्यानंतर तंतुवादक रॉय स्मेकचा १९२६चा एकपात्री वाद्यांचा खेळ: कॅमेरा जवळजवळ हलत नाही. तबकडीवरचं ध्वनिमुद्रण कापून जोडता येत नसे आणि कॅमेऱ्याची घरघर अडवायला तो बंद खोक्यात कोंडलेला असे. हे ठाऊक असलं की त्या ताठरपणाचा राग येत नाही, उलट एका दमात चुकता कामा नये हा ताण दिसू लागतो.

शोधताना लघुपटाच्या नावापेक्षा कलाकाराचं नाव आणि ‘व्हिटाफोन’ हा शब्द इंग्रजीत टाका. बऱ्याच लघुपटांचं शीर्षक म्हणजे कलाकाराचंच नाव. मुलांसोबत बघणार असाल तर आधी एकट्याने बघून घ्या. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेल्या नकला यांत अधूनमधून येतात, आणि शीर्षकावरून त्याचा पत्ता लागतोच असं नाही.